ताईच्या खात्याला विचारलेला प्रश्न

या घरात शहाण्या माणसांची कधी वाण नव्हती. घर बुडणार ते त्यामुळेच, असं धाकट्याचं मत होतं, आणि ते तो भट्टीपाशी उभा राहून, तिच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, मोठमोठ्यानं बोलून दाखवायचा.

त्या सकाळी मात्र तो भट्टी दोन कारागिरांवर सोपवून वर घरात आला होता. कारखान्याच्या डोक्यावरच घर. टीव्हीसमोर आई खुर्चीत बसली होती. थोरला इस्त्रीचा शर्ट घालून येरझाऱ्या घालत होता, जणू संसदेत उभं राहून प्रश्न तोच विचारणार होता. त्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बस की गं," आई म्हणाली.

"असू दे, आई. खाली जायचंय लगेच."

खाली म्हणजे तपासणीच्या खोलीत. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नळ्या आणि मोजपात्रं या कारखान्यात आजेसासऱ्यांपासून होत आली होती. भट्टीवर पुरुष काच फुंकायचे. तपासणीच्या खोलीत बायका तिच्या कडा घासायच्या, उजेडासमोर धरून बुडबुडे शोधायच्या आणि मोजपात्रांवर मापाच्या रेघा मारायच्या. फुंकताना चुकलं तर काच पुन्हा भट्टीत टाकता येते; रेघ चुकली तर अख्खं पात्र वाया. तरी पगार फुंकणाऱ्यांना जास्त आणि रेघवाल्यांना कमी, हेही आजेसासऱ्यांपासूनच चालत आलेलं. ती खोली वहिनीच सांभाळायची. तिनं नवऱ्यापाशी हा विषय काढला की तो म्हणायचा, "गॅसचं एकदा मिटू दे." आणि गॅसचं काही मिटत नव्हतं.

आज मात्र ते मिटणार किंवा सगळंच मिटणार अशी वेळ आली होती. दर इतके चढले होते की छोट्या भट्ट्या एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या. आज संध्याकाळी पुरवठा तोडणार, असं गॅस कंपनीनं कळवलं होतं. सरकारनं सवलतीचा नुसता शब्द दिला तरी आम्ही थांबू, एवढं मात्र तिथला साहेब तोंडी म्हणाला होता. आणि काचेची भट्टी म्हणजे काही घरातली शेगडी नव्हे, की आज विझवली आणि उद्या पेटवली. आतली काच गोठते, तिच्यासोबत विटा फुटतात, आणि उरतं ते भंगार. नवी भट्टी बांधायची ऐपत या घरात आता कुणाची नव्हती.

"दादा, मला अजून कळलेलं नाही," धाकटा मानेवरचा घाम पुसत म्हणाला. "गॅस ऊर्जामंत्र्याकडे. मग प्रश्न ताईला का?"

थोरला याच प्रश्नाची वाट बघत होता. "अरे, ऊर्जामंत्री 'नाही' म्हणून खाली बसला असता. म्हणून मी आपल्या खासदाराला म्हटलं, प्रश्नाच्या डोक्यावरचं खातं बदला. आपल्याकडे निम्म्याहून जास्त कामगार बायका. म्हणजे प्रश्न बायकांचा झाला की नाही? 'ज्या कारखान्यांत निम्म्याहून जास्त बायका काम करतात, त्यांना गॅसच्या दरात सवलत देणार काय?' आता बायकांचा प्रश्न म्हटल्यावर उत्तर कुणी द्यायचं? स्त्री-समानता मंत्र्यांनी. आणि त्या खात्याची मंत्री कोण? आपली ठिणगी!"

ठिणगी म्हणजे त्यांची मधली बहीण, धाकट्याची ताई. लहानपणी भट्टीकडे धावायची आणि दर वेळी तिला दंडाला धरून ओढून आणावं लागायचं, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं नाव. बाईमाणसानं भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, असा या घरचा नियम होता. मग ती दुसरीकडे पेटली.

"पण गॅस तर ऊर्जावाल्याकडेच राहिला ना?" धाकटा पुन्हा मूळ पदावर आला.

"एकाच बाकावर बसतात रे ते! उद्योग, ऊर्जा आणि स्त्री-समानता, तिन्ही खात्यांचा उत्तरं द्यायचा वार एकच. ती नुसती त्याच्या कानाला लागली तरी पुरे."

तेवढ्यात फोन वाजला. थोरल्यानं ताईचं नाव बघितलं, सगळ्यांकडे विजयानं पाहिलं आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा करून टेबलावर ठेवला.

ताईला संसदेत जी खोली मिळाली होती तिला खिडकी नव्हती. खातं एवढंसं होतं की सचिव आणि शिपाई एकदम रजेवर गेले तर त्याला कुलूपच लावावं लागलं असतं. त्या खोलीत आज सकाळी ऊर्जामंत्री स्वतः येऊन गेले होते. बसले नाहीत.

"बाई, तुमची ती फाइल मी आज परत पाठवतोय," ते म्हणाले होते.

ती फाइल ताईच्या कित्येक महिन्यांची हमाली होती. देशातल्या सगळ्या छोट्या भट्ट्यांना, काचेच्या, विटांच्या, मातीच्या भांड्यांच्या, सरसकट कमी दरानं गॅस. तिच्या खात्याचा त्याच्याशी सुतराम संबंध नव्हता. ती दारोदार फिरली, अधिकाऱ्यांची मनधरणी केली आणि ऊर्जामंत्र्यांना सहीपर्यंत आणलं. उरली होती ती फक्त सही.

"का?" तिनं विचारलं.

"आजच्या यादीत तुमच्या भावाचा प्रश्न आहे. आज सभागृहात तुमच्या घरचा कारखाना निघणार, आणि दुपारी मी सही करणार? लोक म्हणतील, बहिणीनं भावासाठी सरकार राबवलं. हां, तो प्रश्न निघालाच नाही तर गोष्ट वेगळी. विचारणारा जागेवर नसला की प्रश्न बाद होतो. बघा काही जमतंय का."

फाइलीतलं एक अक्षरही बाहेर सांगायचं नाही, अशी तिनं शपथ घेतलेली. म्हणून भावाला फोन लावताना तिच्याकडे हुकूम होता, कारण नव्हतं.

"दादा, तुझ्या खासदाराला सांग, आज सभागृहात बसू नका. प्रश्न बाद होऊ दे."

"काय?"

"कारण विचारू नकोस. एवढं एक ऐक."

"कारण विचारू नको? संध्याकाळी गॅस तुटतोय आपला! तुझ्या प्रत्येक निवडणुकीला कारखान्याच्या गाड्या धावल्या तेव्हा आम्ही कारण विचारलं होतं?"

"म्हणूनच सांगतेय, दादा. तू मला विचारू नकोस. दुसऱ्या कुणालाही विचार."

"घाबरली," थोरला खोलीकडे बघून म्हणाला, आणि ते तिलाही ऐकू गेलं. "खुर्चीला घाबरली."

आईनं हात पुढे केला. "मी बोलते. हे बघ, तू आमच्या बाजूनं आहेस की नाही, एवढंच सांग."

"आई, मी तुमचीच बाजू घेतेय."

"मग घे की चारचौघांत!"

ताईनं डोळे मिटले. एक वाक्य, नुसतं एक वाक्य. 'फक्त सही उरलीय, आई.' ते जिभेवर आलं होतं. पण समोरच्या टेबलाशी तिचा सचिव बसला होता, आणि तिकडे फोनभोवती किती जण होते तिला माहीत नव्हतं. तिनं ते गिळलं.

"दादा, ताई इतकं सांगतेय तर ऐक ना," धाकटा म्हणाला.

"तू तुझी भट्टी बघ." पण थोरल्याचा आवाज जरा हलला होता. त्यानं खिशातून दुसरा फोन काढला, खासदाराचं नाव शोधलं आणि अंगठा तसाच धरून तो उभा राहिला. मग, एरवी कधी बघायचा नाही तसं, त्यानं बायकोकडे बघितलं. "तुला काय वाटतं गं?"

इतक्या वर्षांच्या संसारात या खोलीत वहिनीला कारखान्याबद्दल कुणी मत विचारलेलं नव्हतं. विचारलं तेही असं, सगळ्यांसमोर, आणि सगळ्यांचं सगळं त्यावर लटकलेलं असताना. तिच्या डोळ्यांपुढे खालची खोली आली. सकाळीच बायकांनी तिला अडवलं होतं. खरंच आमच्याबद्दल विचारणार का हो संसदेत? 'बायका' असा शब्द आहे का त्यात? आहे म्हटल्यावर एकमेकींना कोपरानं ढोसून त्या हसल्या होत्या.

"विचारू द्या," ती म्हणाली. "एकदा विचारलं तर जाऊ द्या."

थोरल्यानं फोन खिशात टाकला. पलीकडे ताईनं ते ऐकलं. मग "बरं" एवढंच म्हणाली.

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. आधी बंद पडलेल्या सूतगिरण्या झाल्या, मग कुठल्याशा धरणावरची वीज झाली. उद्योगमंत्र्यांनी तीन वेळा 'योग्य ती कार्यवाही' केली. थोरल्याला धीर नव्हता. तो टीव्हीच्या इतका जवळ सरकला की आईनं त्याला लहानपणीसारखं दटावलं.

मग त्यांचा खासदार उठला आणि प्रश्न वाचला. थोरल्याचे ओठ त्याच्यासोबत हलत होते. शब्द त्याचेच होते, एकही बदललेला नव्हता.

ताई उभी राहिली. टीव्हीवर ती घरच्यापेक्षा म्हातारी दिसायची. "अध्यक्ष महोदय, असे कारखाने अडचणीत आहेत याची सरकारला जाणीव आहे," ती म्हणाली आणि आणखी दोन गोल वाक्यं बोलून बसली.

"जाणीव आहे म्हणाली!" थोरला ओरडला. "ऐकलंत? आता तो पुढचा प्रश्न विचारेल, आणि मग ती..."

पण अध्यक्षांनी उपप्रश्नासाठी नाव पुकारलं ते विरोधी बाकावरच्या एका बाईंचं. त्या चष्मा काढून शांतपणे उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, ज्या कारखान्यात बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळतो त्यालाच सरकारी सवलत, हा नियम गेल्या वर्षी याच मंत्रिमहोदयांनी केला. चांगला नियम आहे. आजचा प्रश्न ज्या कारखान्यातून आलाय तो मंत्रिमहोदयांच्या भावाचा आहे. तिथे बायकांना पुरुषांइतका पगार मिळतो का? हो किंवा नाही, एवढंच सांगावं."

सभागृहात गलका झाला. तो नियम थोरल्यानं वर्तमानपत्रात वाचला होता, बहिणीचा फोटोही कापून ठेवला होता. नियम दुसऱ्यांसाठी आहे, असं त्यानं का धरून चालावं याला काही उत्तर नाही. घरच्या माणसाचा कायदा आपल्याला लागेल असं कुणालाच वाटत नाही.

अधिकाऱ्यांच्या बाकावरून एक चिठ्ठी ताईकडे आली. त्या चिठ्ठीवर काय असतं हे थोरल्यालाही ठाऊक होतं. 'माहिती घेऊन सभागृहापुढे ठेवण्यात येईल.' सगळे मंत्री तेच वाचतात, आणि ती माहिती पुढे कधीच येत नाही.

"चिठ्ठी वाच," तो टीव्हीला म्हणाला. "ठिणगे, चिठ्ठी वाच."

तिनं ती वाचली आणि दुमडून ठेवली.

"माहिती घेऊन सांगेन, असं म्हणायला मला सुचवण्यात आलंय," ताई म्हणाली. "पण त्यासाठी मला कुठे जायचं नाही. त्या घरात मी वाढले. नाही, अध्यक्ष महोदय. तिथे बायकांना कमी पगार मिळतो. माझ्या नियमानं तो कारखाना सवलतीला पात्र नाही."

दारातली वहिनी चौकट सोडून एक पाऊल आत आली. इतकी वर्षं जे ती या घरात हळू आवाजात बोलली ते कुणीतरी भर सभागृहात बोललं होतं. क्षणभर तिला आनंद झाला, खराखुरा, आणि त्या आनंदाची तिला लगेच भीती वाटली.

टीव्हीवर ऊर्जामंत्री उठले होते. "गैरसमज नको म्हणून सांगतो. छोट्या भट्ट्यांना सवलत देण्याचा कोणताही प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन नाही."

त्यांच्या शेजारी ताई समोर बघत बसली होती. पुढचा प्रश्न मच्छीमारांच्या बोटींचा होता.

थोरल्यानं टीव्ही बंद केला. "घरभेदी," तो म्हणाला. पहिल्यांदा हळू, मग इतक्या जोरात की त्याचाच घसा बसला. "सख्खी बहीण! चिठ्ठी हातात होती, वाचायची होती फक्त!"

"तिला कळवा," आई म्हणाली, "या घराची पायरी तिला बंद."

"पायरी राहतेय कुठे, आई?" धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला शिव्या देताय?" त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "आतली काच उपसून घेतो. तेवढी तरी वाया जायला नको."

तो गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून बसली. थोरला मात्र बायकोजवळ आला. त्याचा राग एवढ्यातच ओसरला होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. "मी सगळं बरोबरच केलं होतं ना?" त्यानं विचारलं. "तू सांग. तूही म्हणालीस ना, विचारू द्या म्हणून?"

"म्हणाले," वहिनी म्हणाली. दुसरं काय बोलणार?

ताईचा फोन आला तेव्हा ती जिना उतरत होती. तो थोरल्याला नव्हता, तिलाच होता.

"वहिनी, दादा कसा आहे?"

"बसलेत. ताई, तुम्ही खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण ती चिठ्ठी..."

"चिठ्ठीनं काही झालं नसतं. मी उभी राहायच्या आधीच सगळं संपलं होतं." ताईचा आवाज सपाट होता. "आता सांगायला हरकत नाही, आता ते काहीच राहिलं नाही. कमी दराचा प्रस्ताव सहीला होता. सगळ्या भट्ट्यांसाठी, पगाराची अट नाही, काही नाही. मीच नेला होता. आज आपल्या घरचा प्रश्न निघाला नसता, तर झाली असती सही."

वहिनीनं कठडा धरला. "म्हणून तुम्ही सकाळी..."

"म्हणून."

"एवढं सांगितलं असतंत तर!"

"शपथ होती, वहिनी. आणि मला वाटलं, मी नुसतं सांगितलं तरी माझं ऐकाल. मग तुमचा आवाज आला. मी कुणालाच दोष देत नाहीये. फाइल गेलीच होती, म्हटलं निदान बायकांचं तरी खरं बोलावं."

वहिनीला खूप बोलायचं होतं. तुम्हाला इतकी वर्षं भट्टीजवळ येऊ दिलं नाही, मला त्या खोलीत कधी काही विचारलं नाही, आणि आज दोघींना विचारलं तेव्हा आपण दोघींनी मिळून घर विझवलं, असं काहीतरी. पण "जेवून घ्या, ताई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तपासणीच्या खोलीत सगळ्या जणी काम सोडून उभ्या होत्या. टीव्ही त्यांनीही बघितला होता, कुणाच्या तरी फोनवर, टेबलाला टेकवून. सगळ्यांत जुनी होती रेघवाली मावशी. हात कापायला लागले तरी तिची रेघ अजून सरळ यायची. ती चष्मा पुसत बसली होती.

"बोलल्या हो ताई," एक जण म्हणाली. "आमचा पगार कमी आहे म्हणून. सगळ्या देशानं ऐकलं."

"हो," वहिनी म्हणाली.

"मग आता काय होणार?"

वहिनीनं सांगितलं. भट्टीतली काच उपसायला घेतली आहे, संध्याकाळी गॅस तुटेल, उद्यापासून काम नाही. कोणतंही वाक्य मऊ करायला तिला जमलं नाही. कुणी रडलं नाही. तपासलेल्या चंबूंच्या रांगेमागे बायका नुसत्या उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या एकीनं, सवयीनं, हातातली कड अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपून बघितली.

मावशीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे तिकडे भट्टीवरच्या बाप्यांनाही काही नाही?"

"नाही, मावशी. कुणालाच नाही."

"मग झालं की गं बायांनो," मावशी म्हणाली, "झाला एकदाचा पगार सारखा."

सगळ्या हसल्या. अगदी पोट धरून, टेबलावर हात आपटत हसल्या, आणि वहिनीही हसली, कारण ते खरोखर हसण्यासारखं होतं. मग एकीनं डोळे पुसत तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण काही म्हणा, वहिनी," ती म्हणाली, "प्रश्न विचारायला लावला ते बरं केलंत."